क्लेम नामंजूर

आयोवा राज्यात घर विकत घेतलं की किल्लीबरोबर कागदांचा एक जाडजूड गठ्ठा हाती येतो. त्याला अ‍ॅब्स्ट्रॅक्ट म्हणतात. सातबारा आणि त्यामागचे झाडून सगळे फेरफार एकत्र शिवले तर जे होईल, ते. अमेरिकेच्या इतर राज्यांत मालकीहक्काचा विमा उतरवून लोक मोकळे होतात. आयोवात तो विमा विकायलाच बंदी आहे. त्यामुळे सरकारने जमीन पहिल्यांदा विकली तिथपासूनची खरेदीखतं, गहाणखतं, मृत्युपत्रं, वारसांची भांडणं आणि घटस्फोट असं सगळं त्या गठ्ठ्यात नोंदलेलं असतं. वकिलाने तो वाचायचा आणि मालकाने कपाटात टाकायचा, असा रिवाज आहे. सीडर रॅपिड्सला घर घेतलं तेव्हा आम्हीही रिवाज पाळणार होतो. पण दुसऱ्याच संध्याकाळी शेजारचे गृहस्थ स्वागताला आले. हातात पत्नीने केलेल्या, खसखशीचं सारण भरलेल्या कोलाची होत्या. हवामानावर दोन वाक्यं झाली आणि ताटली टेबलावर टेकते न टेकते तोच त्यांनी विचारलं, "अ‍ॅब्स्ट्रॅक्ट कुठे ठेवलाय?"

सकाळी सातला गठ्ठा परत आला. गृहस्थ रात्री झोपलेले दिसत नव्हते, पण चेहरा प्रसन्न होता. आमच्या स्वयंपाकघराखालची जमीन १८५८ साली तीन भावांनी वाटून घेतली होती. धाकट्याच्या वाट्याला ओढ्याकाठची दलदल आली होती आणि त्याच्या बायकोने कागदावर सही करायला चांगले तीन महिने लावले होते. "बाई हुशार होती," ते समाधानाने म्हणाले. मी घर घेताना छप्पर गळतं का, एवढंच विचारलं होतं.

हे आमचे क्लेमसाहेब. नाव अर्थातच वेगळं आहे, पण हयात विमा कंपनीच्या क्लेम खात्यात गेली म्हणून घरात आम्ही त्यांना हेच म्हणतो. गारांनी मका झोपला, वीज पडून गाय मेली, वाऱ्याने कोठार उडालं, असं कुणी म्हटलं की शिडी लावून स्वतः छपरावर चढायचं आणि गार खरंच एवढी मोठी होती का ते बघायचं, हा त्यांचा व्यवसाय. निवृत्तीनंतर संशय घ्यायला जिवंत माणूस उरला नाही, तेव्हा ते मेलेल्यांकडे वळले. सुरुवात अर्थातच स्वतःच्या वाडवडिलांपासून केली.

ही जमात आयोवात उदंड आहे. राज्यात ९९ काउंट्या. जवळजवळ प्रत्येक काउंटीत एखादं वंशावळ मंडळ किंवा इतिहास मंडळ असतंच. वाचनालयाच्या तळघरात पाणचट कॉफी आणि मायक्रोफिल्मचं यंत्र यांच्यामध्ये पांढऱ्या केसांची दहाबारा माणसं बसलेली दिसली, की समजावं. प्रत्येकाजवळ स्वेटर असतो, कारण दप्तरखाना थंड ठेवतात. प्रत्येकाजवळ पेन्सिल असते, कारण तिथे पेनला मज्जाव असतो. आणि प्रत्येकाजवळ एक अशी गोष्ट असते, जी ऐकायला त्याच्या घरातलं कुणीही आता तयार नाही. म्हणून तर तळघर.

वरवर एकसारखी दिसली तरी यांच्यात दोन पंथ आहेत आणि त्यांचं आपसांत जमत नाही. पहिला पंथ राजघराण्यांचा. यांना दोन सुट्ट्यांत युरोपचा जुना सम्राट शार्लमेन सापडतो. वाटेत इंग्लंडहून वसाहतकरी आणणारं मेफ्लॉवर जहाज लागतंच. त्या जहाजावर १०२ प्रवासी होते आणि त्यांतले निम्मे पहिल्याच हिवाळ्यात गेले, पण उरलेल्या पन्नासेकांनी आयोवातल्या प्रत्येक गल्लीत वंशज कसा ठेवला, हा प्रश्न त्यांना पडत नाही. अशा एका बाईंनी क्लेमसाहेबांना आपला छापील वंशवृक्ष मोठ्या अभिमानाने दाखवला. साहेबांनी चष्मा कपाळावर सारला आणि सोळाव्या शतकातल्या एका फांदीवर पेन्सिल ठेवली. "या बाईंना मुलगा झाला, तेव्हा त्यांचं वय उणे चार होतं," ते म्हणाले. बाई पुढच्या महिन्यापासून शेजारच्या काउंटीच्या मंडळात जाऊ लागल्या.

दुसरा पंथ पुराव्याचा. आमचे साहेब त्यातले, आणि त्यातही कडवे. यांना पूर्वज थोर असण्याची मुळीच हौस नसते. घोडाचोर निघाला तरी चालेल, किंबहुना बरंच, कारण चोरावर खटला होतो, खटल्याचे कागद होतात आणि कागद टिकतात. सज्जन माणूस पुरावा न ठेवता मरतो. साहेबांचा सज्जनांवर एकूणच राग आहे. १८७०-८० च्या दशकांत शिकागोच्या प्रकाशकांनी प्रत्येक काउंटीचे जाडजूड इतिहास छापले. वर्गणी भरणाऱ्याचं चरित्र त्यात यायचं. जादा पैसे दिले की चित्रही यायचं. १८७५ साली निघालेल्या अँड्रियासच्या आयोवा अ‍ॅटलासमध्ये तर चक्क लोकांच्या शेतवाड्यांची चित्रं आहेत: कुंपण सरळ, घोडे धष्टपुष्ट, चिखल नावालाही नाही. ज्याचं चरित्र छापलं तो कष्टाळू, सचोटीचा आणि सर्वांच्या आदराला पात्र. साहेबांनी असे चार खंड समोर ठेवले आणि म्हणाले, "अख्ख्या काउंटीत एकही कामचुकार नाही. म्हणजे कामचुकारांनी वर्गणी भरली नाही, एवढंच सिद्ध होतं."

बोलण्याची त्यांची एक वेगळीच पद्धत झाली आहे. आयोवाची जमीन सरकारने आधी मोजली आणि मग एकरी सव्वा डॉलरने विकायला काढली. सहा मैल लांब, सहा मैल रुंद अशी एक टाउनशिप, तिच्यात ३६ सेक्शन आणि सेक्शन ६४० एकरांचा. आकडे ईशान्य कोपऱ्यातून सुरू होतात, पश्चिमेला जातात आणि खालच्या ओळीत वळून पूर्वेला येतात, शेतात नांगर वळावा तसे. सोळावा सेक्शन शाळेच्या खर्चासाठी राखलेला. साहेबांना रस्ता विचारला तर याच हिशेबात उत्तर येतं. माझ्या मुलाला त्यांनी एकदा आइस्क्रीमच्या दुकानाचा पत्ता 'सेक्शन बावीसच्या नैर्ऋत्य चतुर्थांशाचा वायव्य चतुर्थांश' असा दिला होता. पोरगं रडकुंडीला आलं. दुकान समोरच होतं.

आइस्क्रीमवरून आठवलं. साहेबांच्या पत्नीने या संसारात एक तह केला आहे. सहलीच्या दिवसाला एकच दफनभूमी आणि नंतर आइस्क्रीम. कोर्टाचं तळघर असेल तर डबल स्कूप. ती माउली गाडीत शब्दकोडी सोडवत बसते आणि दोन तास उलटले की हॉर्न वाजवते. प्लायमाउथ काउंटी दुसऱ्या टोकाला आहे, पाच तासांची वाट. पण तिथल्या कोर्टात जायचं म्हटल्यावर ती आपण होऊन तयार झाली, कारण त्या काउंटीचं मुख्य गाव ल मार्स, आणि ल मार्स स्वतःला जगाची आइस्क्रीम राजधानी म्हणवून घेतं. साहेबांना तिथे सासुरवाडीकडच्या एका मेव्हण्याच्या आजोबांचं मृत्युपत्र मिळालं. कोण अधिक खूश होतं, सांगता येत नाही.

आता मुख्य प्रकरण. साहेबांचं वडिलांकडचं घराणं बोहेमियातलं, म्हणजे चेक. अशा घराण्यांतून आयोवात एक कथा हमखास असते, आणि तिला आधारही आहे. १८९३ च्या उन्हाळ्यात संगीतकार अँटोनिन द्वोर्झाक न्यूयॉर्क सोडून विनेशीक काउंटीतल्या स्पिलव्हिल या इवल्याशा चेक खेड्यात येऊन राहिला होता. तिथे त्याने आपलं प्रसिद्ध 'अमेरिकन' क्वार्टेट लिहिलं आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवला. एवढा मोठा माणूस एवढ्या लहान गावात येऊन गेल्यावर व्हायचं तेच झालं. सव्वाशे वर्षांत त्या उन्हाळ्याचे साक्षीदार वाढतच गेले. साहेबांच्या घरातली कथा अशी, की त्यांच्या पणजोबांनी द्वोर्झाकशी रात्रभर पत्ते कुटले आणि त्याच्याकडून दोन डॉलर जिंकले. घरात एक दोन डॉलरची नोट काचेत लावलेलीही आहे. पिढ्यान्‌पिढ्या ती ज्याच्या घरी, तो घरातला थोरला.

साहेबांनी ही कथा लहानपणापासून ऐकली होती. निवृत्त होईपर्यंत त्यांना तिच्यात खोट दिसली नाही, हे मला विशेष वाटतं. माणूस घरच्या क्लेमवर शिडी लावत नाही. मग एके दिवशी लावली. आधी नोट बघितली. तिच्यावर मालिकेचं वर्ष १९१७ होतं. घरच्यांचं म्हणणं पडलं, की खरी नोट मंदीत खर्च झाली, ही तिच्या जागी ठेवलेली. साहेब 'हं' म्हणाले. ज्यांनी त्यांना नोकरीत पाहिलं आहे, ते सांगतात की या 'हं'नंतर चेक कधी निघत नसे.

मग १९०० ची शिरगणती काढली. त्या वर्षी परदेशात जन्मलेल्यांना अमेरिकेत कधी आलात हे विचारलं होतं. पणजोबांच्या रकान्यात १८९४. पण शिरगणतीवर साहेबांचा विश्वास नाही. दारात उभ्या असलेल्या माणसाला घरातल्या कुणीही काहीही सांगितलेलं असतं. म्हणून जहाजांच्या याद्या धुंडाळल्या. ब्रेमेनहून बाल्टिमोरला आलेल्या एका जहाजाच्या यादीत पणजोबा सापडले: एक पेटी, एक बायको, दोन मुलं, ऑक्टोबर १८९४. द्वोर्झाकला स्पिलव्हिल सोडून वर्ष उलटलं होतं.

हे त्यांनी घराण्याच्या संमेलनात वाचून दाखवलं. तिथल्या घराण्याचं संमेलन म्हणजे बागेतल्या शेडखाली शंभरेक माणसं, छातीवर नावांच्या चिठ्ठ्या, पणजोबांच्या ज्या मुलाचा वंश त्या मुलाचा रंग. लांब टेबलावर प्रत्येकाने घरून आणलेलं काहीतरी, आणि त्यात जेलीत थिजवलेल्या फळांचे किमान पाच प्रकार. साहेब उभे राहिले आणि त्यांनी चौदा पानांचा अहवाल वाचला. प्रत्येक विधानाला तळटीप होती आणि तळटिपाही त्यांनी वाचल्या. शेवटी म्हणाले, "सबब, क्लेम नामंजूर." शेडखाली शांतता पसरली. मग निळ्या चिठ्ठीवाल्या एक नव्वदीच्या आत्याबाई काठी टेकत उठल्या. त्यांनी विचारलं, "ते ठीक आहे. पण डाव जिंकला होता ना?" टाळ्या पडल्या. त्या वर्षीच्या नाताळात साहेबांना घराण्यातून नेहमीपेक्षा कमी कार्डं आली. नोट अजून काचेतच आहे, आणि यंदा ती आत्याबाईंच्या नातवाकडे गेली.

आईकडच्या घराण्याची तऱ्हा निराळी. ते जर्मन. तिथे दिवाणखान्यात एका खापरपणजोबांची तसबीर होती, लष्करी कोट, पांढरी दाढी, करारी नजर. यादवी युद्धातला वीर म्हणून चार पिढ्यांनी त्यांच्यापुढे मान झुकवली. साहेबांनी वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून त्यांची पेन्शनची फाइल मागवली. पलटण निघाली आयोवाची ३७ वी, जिचं टोपणनावच 'ग्रेबिअर्ड', पांढऱ्या दाढ्यांची पलटण. १८६२ मध्ये पंचेचाळिशी उलटलेल्या, म्हणजे एरवी भरती न होणाऱ्या माणसांची ती मुद्दाम उभारली होती, आणि तिचं काम बहुतेक करून तुरुंगांवर आणि रेल्वेवर पहारा देण्याचं. फाइल शंभराहून अधिक पानांची. त्यातली निम्मी पानं जुनाट जुलाबांबद्दल आणि उरलेली मूळव्याधीबद्दल. कारण पेन्शन हवी तर आजार युद्धात लागला हे सिद्ध करावं लागे. त्यासाठी डॉक्टरांचे दाखले, बरोबरीच्या शिपायांच्या आणि शेजाऱ्यांच्या जबान्या. एका शेजाऱ्याने शपथेवर सांगितलं होतं, की युद्धाआधी तो या गृहस्थांना चांगला ओळखत होता आणि तेव्हा त्यांचं पोट साफ होतं.

साहेब या फाइलवर निहायत खूश झाले. त्यांच्या मते हा आदर्श क्लेम आहे. तारखा जुळतात, साक्षीदार स्वतंत्र आहेत, रक्कम वाजवी आहे. "मी असतो तर पहिल्याच अर्जात मंजूर केला असता, सरकारने नऊ वर्षं लावली," असं ते अजूनही कळवळून सांगतात, आणि तेही बहुधा जेवायच्या टेबलावर. तेव्हापासून त्यांच्या घरात नियम आहे, की ताटं उचलल्याशिवाय खापरपणजोबांचा विषय काढायचा नाही.

त्यांना दुःखं नाहीत असं नाही. १० जानेवारी १९२१ रोजी वॉशिंग्टनला वाणिज्य खात्याच्या इमारतीत आग लागली. १८९० च्या शिरगणतीचे बहुतेक कागद आगीने आणि बंबाच्या पाण्याने नासले, आणि जे वाचलं तेही जवळजवळ सगळं पुढे सरकारने नष्ट केलं. अख्ख्या देशाचं एक दशक त्यामुळे अंधारात गेलं. दरवर्षी १० जानेवारीला साहेब जेवताना बोलत नाहीत. आपण त्याला श्राद्ध म्हटलं असतं. आयोवाच्या माणसाला त्यातल्या त्यात दिलासा एवढाच, की राज्याने १८८५ आणि १८९५ मध्ये स्वतःची वेगळी गणती केली होती. आणि १९२५ ची गणती तर साहेबांच्या मते मानवी संस्कृतीचं शिखर आहे: तीत प्रत्येकाच्या आईवडिलांचं नाव आहे, आणि आईचं माहेरचं आडनावसुद्धा. ते एक आडनाव मिळालं की एक अख्खं घराणं उघडतं. राष्ट्रीय गणतीत मात्र बाया वाट्टेल ते सांगतात. साहेबांच्या एका पणजीचं वय दर दहा वर्षांनी सात वर्षांनी वाढलं. आणखी दोन गणत्या जगली असती तर मुलाच्या वयाची झाली असती.

गणतीचे कागद ७२ वर्षं बंद ठेवतात. १९५० ची गणती १ एप्रिल २०२२ ला उघडली, तेव्हा साहेब रात्रीपासून जागे होते. कारण या खेपेला त्यांना स्वतःलाच शोधायचं होतं. जन्म सप्टेंबर १९४९ चा. सापडले. वयाच्या रकान्यात, वर्षाच्या आतल्या मुलांचा लिहायचे तसा, नुसता जन्माचा महिना होता आणि नावाच्या जागी स्त्रीलिंगी नाव. हे एवढं सोडून बाकी पान बिनचूक होतं. त्यांनी गंभीरपणे फाइलमध्ये टीप लिहिली: 'सदर व्यक्ती पुरुष असल्याचे नंतरच्या पुराव्यांवरून दिसते.'

त्यांचा सर्वांत लाडका शत्रू म्हणजे एलिस बेटावरच्या, बाहेरून येणाऱ्यांना तपासणाऱ्या ठाण्यातला कारकून. अमेरिकेत ज्याला त्याला विचारा, 'आमचं आडनाव एलिस बेटावर बदललं.' तिथे कुणी नावं बदलत नव्हतं. अधिकारी युरोपात लिहिलेल्या जहाजाच्या यादीवर नुसत्या खुणा करत, आणि ते ठाणंच मुळी १८९२ मध्ये उघडलं, आयोवा भरून गेल्यावर. मग साहेबांच्या आईच्या घराण्याचं जर्मन आडनाव इंग्रजी कसं झालं? याचं उत्तर कारकुनाकडे नसून गव्हर्नरकडे आहे. पहिल्या महायुद्धात, २३ मे १९१८ रोजी, आयोवाचे गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी फर्मान काढलं: शाळेत, सार्वजनिक जागी, आगगाडीत, टेलिफोनवर, भाषणात आणि चर्चमध्येसुद्धा फक्त इंग्रजी. परकी भाषा बोलायची तर घरी. साहेबांच्या आईच्या चर्चची दप्तरं बघा; आधी कुरेंट नावाच्या वळणदार जर्मन लिपीत बाप्तिस्मे आणि लग्नं लिहिलेली, आणि त्या उन्हाळ्यापासून एकदम कच्च्या इंग्रजीत. आडनावही त्याच सुमारास वहीत बदललेलं. ती लिपी वाचता यावी म्हणून साहेब वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी चर्चच्या तळघरात गमभन गिरवायला बसले. हा विषय निघाला की ते विनोद करत नाहीत. आजी टेलिफोन हातात धरायलाही घाबरायची, एवढंच सांगतात आणि दुसरं काढतात.

दफनभूमीतले साहेब पाहण्यासारखे असतात. गाडीच्या डिकीत गुडघ्याखाली घ्यायची गादी, मऊ ब्रश, पाण्याचा कॅन आणि पत्नीचा ड्रेसिंग टेबलावरचा आरसा. झिजलेल्या दगडावर आरशाने तिरका उजेड पाडला की अक्षरं उठून येतात. दाढीचा फेस फासणारे आणि तारेच्या ब्रशने घासणारे लोक त्यांच्या लेखी गुन्हेगार. राखाडी निळ्या, गंज न चढणाऱ्या थडग्यांवर ते बोटाने टकटक करतात. ती दगडाची नसून जस्ताची आणि आतून पोकळ असतात. एकदा टकटक करताना एका शोकाकुल कुटुंबाने त्यांना पाहिलं. कुणी आतून उत्तर द्यावं अशी त्यांची अपेक्षा आहे, असा त्या लोकांचा समज झाला असावा.

दफनभूमीवरूनच त्यांचं एकदा गवताच्या माणसांशी वाजलं. आयोवा एकेकाळी बहुतांशी उंच गवताचा माळ होता. नांगर लागला आणि आता त्याचा हजारात एक हिस्साही उरलेला नाही. जो उरला तो कुठे? रेल्वेच्या कडेला आणि जुन्या दफनभूमींत, जिथे नांगर घालायची कुणाची छाती झाली नाही. सीडर काउंटीतली रॉचेस्टर दफनभूमी सुमारे तेरा एकरांची आहे आणि तिच्यात वनस्पतींच्या चारशेच्या आसपास जाती आहेत. मे महिन्यात तिथे शूटिंग स्टारची फुलं पाहायला लांबून लोक येतात. वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणतात, गवत कापू नका. ज्यांचे आजेपणजे तिथे पुरलेत ते म्हणतात, कापा, दगड दिसत नाहीत. साहेब अर्थातच कापा म्हणणारे. तावातावाने गेले, गवतात गुडघ्यांवर बसून थडगी वाचू लागले, आणि काही वेळाने त्यांच्या लक्षात आलं, की लॉन राखलेल्या दफनभूमीत कापणीच्या यंत्राने दगडांच्या कडा फोडलेल्या असतात, इथे नाहीत. परत आले ते मत बदलून. पुरावा समोर आला की हा माणूस विनातक्रार वळतो. माझ्या माहितीत असा दुसरा नाही आणि मी स्वतःलाही मोजत नाही.

म्हणूनच एकदा मी धीर करून विचारलं. अ‍ॅब्स्ट्रॅक्टचं पहिलं पान 'अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांकडून अमुकास' असं सुरू होतं. मग जमीन संयुक्त संस्थानांकडे कुणाकडून आली? ते पान कुठे आहे? साहेब पुष्कळ वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कागद आहेत. १८३२ चा करार आहे, १८३७ चा आहे, १८४२ चा आहे. इथल्या मूळच्या सॉक आणि मेस्क्वाकी लोकांनी सह्या केल्यात. मी वाचलेत." आणि? "दबावाखाली घेतलेल्या सह्या. किंमत बाजारभावाच्या जवळपाससुद्धा नाही. मी असतो तर," ते थांबले, "मी असतो तर क्लेम नामंजूर केला असता. पण मग मी आज इथे नसतो." त्या शनिवारी दफनभूमी रद्द झाली आणि ते मला तासाभरावरच्या टामा काउंटीत घेऊन गेले. ज्या मेस्क्वाकींना कॅन्ससला हाकललं होतं, त्यांच्यातले लोक परतले आणि १८५७ मध्ये त्यांनी स्वतःच्या पैशाने ८० एकर जमीन विकत घेतली. सरकारने दिलेलं राखीव क्षेत्र नव्हे, खरेदीखताची जमीन. आज ती वसाहत त्याहून कितीतरी मोठी आहे. "आयोवातलं माझ्या आवडीचं खरेदीखत," साहेब म्हणाले. हा माणूस आवडत्या पुस्तकांऐवजी आवडती खरेदीखतं सांगतो.

डीएनएचं प्रकरण थोडक्यात सांगतो. नातवंडांनी नाताळला नळीत थुंकायचा संच भेट दिला. निकालात ओरेगॉनमधल्या सत्तरीच्या एक बाई सख्ख्या चुलत बहीण म्हणून निघाल्या. साहेबांना एकच काका, ट्रॅक्टर विकत गावोगाव फिरणारे, आजन्म अविवाहित आणि चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारे. दुसऱ्या कुणी नळी कचऱ्यात टाकली असती. साहेबांनी काकांच्या विक्रीच्या जुन्या वह्या काढून ओरेगॉनच्या दौऱ्याच्या तारखा जुळवल्या, वंशावळीत बाईंना रीतसर क्रमांक दिला आणि पुढच्या संमेलनाचं आमंत्रण पाठवलं. त्या आल्या. चिठ्ठी कोणत्या रंगाची, यावर थोडा घोळ झाला. तो काठीवाल्या आत्याबाईंनी मिटवला आणि त्यांच्यासमोर जेलीतल्या फळांची वाटी सरकवली.

माझी पाळी यायचीच होती. "तुझ्या पणजोबांचं नाव काय?" मी सांगितलं. "त्यांच्या वडिलांचं?" मी पुण्याला आईला फोन लावला. आईने नाशिकला मामाला लावला, आणि मामा संध्याकाळी रामकुंडापाशी आमच्या तीर्थोपाध्यायांकडे गेला. गाव सांगितलं, आडनाव सांगितलं, लांबट वही निघाली. रात्री फोनवर पानांचे फोटो आले: सात पिढ्या. साहेबांना दाखवले तेव्हा त्यांनी सवयीने विचारलं, "माहिती देणारा कोण?" म्हटलं, पूर्वज स्वतः. यात्रेला आला की आपल्या हाताने आपलं, बापाचं, मुलांचं नाव लिहून सही करायचा. ही वरची नोंद मोडीत आहे, ही खालची माझ्या आजोबांची.

साहेब खुर्चीत बसले. "स्वतः? स्वतःच्या हस्ताक्षरात? आणि हे जपणाऱ्याला कुणी अनुदान देतं?" दक्षिणा देतात, म्हटलं. त्यांनी दोनदा चष्मा पुसला. मग पेन्सिलीने खाली जाताजाता ते माझ्या पणजीपाशी थांबले. हिचं माहेरचं नाव? ठाऊक नाही. आडनाव नको, पहिलं नाव तरी? तेही लग्नात बदललं, म्हटलं, आमच्याकडे तशी पद्धत होती. साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. इतका दुखावलेला चेहरा मी १० जानेवारीलाही पाहिला नव्हता. "हा तर," ते म्हणाले, "पुरावा नष्ट करण्याचा प्रकार आहे."

तेव्हापासून त्यांनी माझ्या पणजीची फाइल उघडली आहे आणि येत्या हिवाळ्यात ते नाशिकला येणार आहेत. पत्नीची अट घालून झाली आहे. तेव्हा नाशिककर वाचकांना विनंती, की रामकुंडाच्या आसपास पांढऱ्या केसांचा, खिशात पेन्सिल आणि हातात आरसा असलेला एक उंच गोरा गृहस्थ दिसला तर त्याला योग्य त्या वाड्यात पोचवा. कुणाच्या घरी जुन्या लग्नपत्रिका किंवा माहेरच्या नावाची पत्रं असतील, तर ती त्याला दाखवायला हरकत नाही. हात धुतल्याशिवाय तो कागदाला शिवत नाही. बाहेर गाडीत एक बाई शब्दकोडं सोडवत बसलेल्या असतील. त्यांना जवळपास आइस्क्रीम कुठे चांगलं मिळतं तेवढं सांगा, आणि पत्ता सरळ सांगा.